सार्वजनिक साहाय्याचा हक्क : दुष्काळी नियमावलीपासून रोजगार हमी कायद्यापर्यंत

इंग्लंडात दरिद्री लोकांच्या पोषणाचा कायदा १६०१ साली आकारास आला व १९४८ साली तो विधिपूर्वक संपुष्टात आला. हिंदुस्थानात असा कायदा कधी झालाच नाही. इंग्रजी राज्यात एकोणिसाव्या शतकातील विलायती कायद्यांपैकी दंडविधान आले, करारांचा कायदा आला, पुराव्याचा कायदा आला. परंतु गरिबास पोसण्याची जबाबदारी गावावर अथवा सरकारवर टाकणारा कायदा मात्र आला नाही. ही केवळ अनवधानाने राहिलेली उणीव नव्हती. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता आणि त्याची कारणे सरकारी कागदांत नमूद आहेत. या निर्णयाचे परिणाम महाराष्ट्रात कसे झाले, जो हक्क नाकारला गेला तो शंभर वर्षांनी येथेच कायद्याच्या पुस्तकात कसा शिरला, आणि शिरल्यानंतरही त्याच्या कक्षेबाहेर कोण राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आधार म्हणून पुणे जिल्हा व विशेषतः पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावरील वाघोलीचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे.

इंग्रजपूर्व काळासंबंधी थोडक्यात सांगितलेले बरे. दुर्गादेवीच्या दुष्काळाची स्मृती आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घरी ठाऊक आहे. दामाजीपंतांनी सरकारी कोठार लुटविले ते धन्याच्या आज्ञेविरुद्ध, आणि त्यातून त्यांची सुटका झाली ती देवाच्या कृपेने. उपाशी माणसाला कोठारावर हक्क होता असे ती कथा कोठेही सुचवीत नाही. मराठी राज्यातील प्रत्यक्ष व्यवहार पाहिला तर दुष्काळात किंवा लष्कराच्या पायमल्लीनंतर सारा सूट देणे, कौल देऊन परागंदा रयत परत आणणे, इस्ताव्याने सारा क्रमाक्रमाने वाढविणे आणि बैल-बियाण्यासाठी तगाई देणे, हे उपाय नियमाने योजले जात. हे सारे उपाय जमीन कसणाऱ्यासाठी होते, कारण त्यामागील हेतू लावणी टिकविण्याचा होता. ज्याला जमीनच नाही त्याच्या वाट्यास अन्नछत्र, सदावर्त किंवा देशत्याग यांखेरीज काही येत नसे. पुण्याच्या रमण्यात वाटली जाणारी दक्षिणा ही विद्येचा व जातीचा मान होती. तिला दारिद्र्यनिवारण म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग होईल. वाघोली हे पिलाजी जाधवराव यांचे गाव. वाघेश्वराचे देवालय व जाधवरावांची समाधी तेथे आजही पाहावयास मिळतात. अशा सरदारी गावांतील देवालये व वाडे यांची बांधकामे पुष्कळांना मजुरी देत असली पाहिजेत; पण ती मजुरी धन्याच्या इच्छेवर अवलंबून होती, आणि इच्छा व हक्क यांतील अंतर हाच आपल्या विषयाचा गाभा आहे.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनावर दोन गोष्टींचा पगडा होता. एक, स्वदेशातील दरिद्री-कायद्याचा अनुभव. १८३४ च्या सुधारणेनंतर तेथे असे तत्त्व रूढ झाले की, मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत हलक्या मजुराच्या स्थितीपेक्षाही कमी सुखाची असली पाहिजे. एरव्ही लोक काम सोडून मदतीवर जगू लागतील. माल्थस हा तर कंपनीच्या नोकरीत येणाऱ्या तरुणांना हेलीबरी येथे १८०५ पासून मृत्यूपर्यंत शिकवीत होता. दुसरी गोष्ट, १८४६-४७ मधील आयर्लंडचा दुष्काळ. तेथे उपाशी लोकांना रस्त्यांच्या कामावर लावण्यात आले, दगड फोडून घेण्यात आले, आणि कामाची कठीणता हीच गरजेची कसोटी मानण्यात आली. आपल्याकडील दुष्काळी कामांवरची खडी हिचे मूळ या कसोटीत आहे. खडीची सरकारला निकड होती म्हणून ती फोडली गेली असे नव्हे. खरोखर उपाशी असल्याशिवाय कोणी दिवसभर खडी फोडणार नाही, हे गृहीत त्यामागे होते.

१८७६ साली दख्खनच्या पठारावर पाऊस गेला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा, कलादगी, बेळगाव, धारवाड या जिल्ह्यांना त्याची झळ सर्वांत अधिक लागली. एक वर्षच आधी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुपे येथून शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले होते. म्हणजे रयत आधीच कर्जाने खचलेली होती. मुंबई सरकारने मोठी सार्वजनिक कामे काढण्याचे धोरण स्वीकारले. पुणे जिल्ह्यात माटोबा, शिर्सुफळ येथील तलाव, कालव्यांची कामे, तसेच दौंड-मनमाड लोहमार्गाचा भराव ही या दुष्काळाची आठवण होय. या कामांच्या उपयुक्ततेबद्दल वाद नाही. वाद उपस्थित झाला तो मजुरीविषयी.

आरंभी पुरुषास रोज दोन आणे, स्त्रीस दीड आणा व कामायोग्य मुलास एक आणा असा दर होता. धान्य महागू लागताच, नोव्हेंबरच्या सुमारास, दर धान्याच्या भावाशी जोडण्यात आला : पुरुषास एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. येथवर सारे ठीक होते. परंतु १८७७ च्या जानेवारीत, गावाजवळच्या लहान कामांवरील लोकांनी दूरच्या मोठ्या कामांवर जावे म्हणून, मुलकी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालील कामांवरचा दर घटविण्यात आला आणि वरचा एक आणा अर्ध्या आण्यावर आला. याच महिन्यात व्हाइसरॉय लिटन यांचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल दक्षिणेचा दौरा करीत होते. टेंपल यांची कथा मोठी विचार करण्यासारखी आहे. १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून मुक्तहस्ताने खर्च केला. मृत्यू फार थोडे झाले आणि त्यांच्यावर उधळेपणाचा ठपका आला. तीन वर्षांनी तेच टेंपल काटकसरीचे प्रतिनिधी बनून आले आणि मद्रासेत एक पौंड धान्यावर माणूस काम करू शकतो असे त्यांनी ठरविले. मद्रासेतील आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याविरुद्ध सप्रमाण लिहिले, आणि मे महिन्यात तेथील दर वाढवावा लागला. १८७७ मध्येच टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले.

पुण्याच्या परिसरात या घटविलेल्या दराला मिळालेले उत्तर इतिहासकारांनी अधिक लक्षपूर्वक पाहावयास हवे. हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. दुष्काळात, उपाशी असताना, काम सोडणे ही साधी गोष्ट नव्हे. सरकारी अधिकाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला की, या लोकांना खरी गरज नव्हतीच. म्हणजे खडीच्या कसोटीत ते नापास झाले. पुणे सार्वजनिक सभेने याचा अर्थ अगदी उलट लावला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने सभेने तालुक्यातालुक्यांतून माहिती मागविली, ती संकलित केली आणि सरकारकडे अर्जांवर अर्ज पाठविले. १८७० च्या एप्रिलमध्ये स्थापन झालेल्या या सभेचे ते कागद वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. सभा दयेची याचना करीत नाही. एका माणसाला दिवसाला किती धान्य लागते, त्यास मीठ-मिरची-सरपणास काय लागते, मुले व म्हातारी माणसे यांचा भार किती, याचा ती हिशेब मांडते व तुमचा दर या हिशेबात बसत नाही असे दाखवून देते. मदतीचे प्रमाण हा वादाचा, म्हणून पुराव्याचा विषय आहे, ही भूमिका येथे प्रथमच ठामपणे घेतलेली दिसते. हक्काची भाषा येण्यापूर्वी हिशेबाची भाषा आली, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने पुण्याजवळ धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम काढला व दुष्काळाने निराश्रित झालेल्या मुलांना तेथे जेवू घालण्याची व्यवस्था केली. सभेचा मार्ग अर्जांचा, फुल्यांचा मार्ग प्रत्यक्ष पोटाला घालण्याचा. दोघांचीही गरज होती. परंतु सरकारने न घेतलेला भार लोकांनी उचलला, हे विसरून चालणार नाही. या प्रसंगाकडे लेखाच्या अखेरीस पुन्हा यावे लागेल.

रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० साली अहवाल दिला. ब्रिटिश मुलखात या दुष्काळाने सुमारे ५२ लाख माणसे अधिक मेली, असा आयोगाचा अंदाज होता. माणसांचे प्राण वाचविणे हे सरकारचे कर्तव्य आहे हे त्याने मान्य केले. मात्र हे कर्तव्य म्हणजे लोकांचा हक्क नव्हे, याविषयी तो अत्यंत सावध होता. दुष्काळात मदत मागण्याचा अधिकार एकदा कबूल केला, तर तो इतर वेळीही कबूल करावा लागेल आणि त्यातून सर्वसाधारण दरिद्री-कायद्याचा पाया घातला जाईल, अशी भीती आयोगाने बोलून दाखविली. या भीतीत तर्कदृष्ट्या काही चूक नव्हती. सुकाळातही ज्याला दोन वेळचे मिळत नाही त्याची भूक दुष्काळातील भुकेहून निराळी कशी, या प्रश्नाला आयोगापाशी उत्तर नव्हते, म्हणूनच त्याने तो प्रश्न उपस्थित होऊ न देण्याचा मार्ग पत्करला.

आयोगाच्या शिफारशींनुसार हिंदुस्थान सरकारने १८८३ साली दुष्काळी नियमावलीचा आदर्श मसुदा केला व त्यावरून प्रांतोप्रांतीच्या नियमावल्या तयार झाल्या. या नियमावल्यांची रचना प्रशंसनीय होती यात संशय नाही. पाटील-कुलकर्ण्यांनी गावची स्थिती केव्हा कळवावी, चाचणी कामे केव्हा उघडावी, मजुरांचे वर्ग कसे पाडावे, ठरावीक काम न झाल्यास मजुरी किती कापावी, काम करू न शकणाऱ्या वृद्ध व अपंगांच्या याद्या गावोगाव कशा कराव्या, गरीबखाने कोठे उघडावे, साऱ्याची तहकुबी केव्हा द्यावी, हे सर्व त्यांत तपशिलाने आले. त्यांच्या जोडीला १८८३ चा जमीनसुधारणा कर्जाचा कायदा व १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा, म्हणजे तगाईचे दोन कायदे, आणि त्यापूर्वी १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा हेही लक्षात घेतले पाहिजेत. येथे एक भेद स्पष्ट दिसतो. कर्ज, तगाई, दिवाणी दावा यांसंबंधी, म्हणजे ज्याच्यापाशी जमीन आहे त्याच्यासंबंधी, विधिमंडळाने केलेले खरेखुरे कायदे आहेत. ज्याच्यापाशी केवळ हात आहेत त्याच्यासंबंधी जी नियमावली आहे ती कायदा नाही. तो अधिकाऱ्यांना दिलेला सूचनासंग्रह होय. तिचा भंग झाला तर अधिकाऱ्यास वरिष्ठाचा ठपका मिळेल. मजुराला न्यायालयात जाता येणार नाही.

दुष्काळ-विम्याच्या निधीचा इतिहासही या संदर्भात उद्बोधक आहे. १८७८ साली दरवर्षी दीड कोटी रुपये दुष्काळासाठी राखून ठेवावयाचे असे ठरले आणि त्यासाठी व्यापार-धंद्यांवर परवाना कर बसविण्यात आला. या करावरून त्याच वर्षी सुरतेस दंगा झाला. पुढे अफगाण युद्धाच्या खर्चात हा पैसा बुडाला अशी ओरड देशी वृत्तपत्रांनी केली आणि ती अनेक वर्षे चालू राहिली. दुष्काळाच्या नावाने घेतलेला कर दुष्काळासाठीच खर्च झाला पाहिजे, ही मागणी त्या ओरडीतून स्पष्ट झाली. १९७५ साली महाराष्ट्र शासनाने व्यवसाय कर बसविला व रोजगार हमीसाठी त्याचा निधी स्वतंत्र ठेवून शासनानेही तितकीच भर घालावयाची असे ठरविले, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा हा वाद कोणाच्या स्मरणात होता की नाही हे सांगता येत नाही. परंतु व्यवस्था पाहता तो सुटलेला दिसतो. नगरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामासाठी दरमहा काही देणे, ही कल्पना विशेषच मानली पाहिजे.

१८९६ चा पाऊस गेला तेव्हा नियमावलीची पहिली मोठी कसोटी लागली, आणि येथे लोकमान्य टिळकांनी जे केले त्याचे विधिशास्त्रीय महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. सार्वजनिक सभा १८९५ पासून टिळकांच्या हाती आली होती. रानडे-गोखले यांनी १८९६ साली निराळी डेक्कन सभा काढली व तिनेही दुष्काळनिवारणाचे काम केले. टिळकांनी नियमावलीतील तरतुदी 'केसरी'तून मराठीत समजावून दिल्या. सभेचे कार्यकर्ते गावोगाव हिंडून पत्रके वाटू लागले व शेतकऱ्यांना सांगू लागले की, पीक अमुक आण्यांच्या खाली असेल तर सारा तहकूब झाला पाहिजे, काम मागितल्यास सरकारने दिले पाहिजे, भीतीने गुरे-भांडी विकून सारा भरू नका. टिळकांच्या लेखनात नियमावली जणू संसदेने केलेला कायदाच आहे असा भाव आहे. कायद्याच्या काटेकोर अर्थाने हे बरोबर नव्हते. परंतु सरकारने लिहून ठेवलेला शब्द प्रजेने वाचून दाखविला की त्याला एक प्रकारचे बंधन प्राप्त होते, हे टिळकांनी हेरले होते. सरकारनेही ते हेरले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत सभेच्या कार्यकर्त्यांवर खटले झाले, आणि १८९७ च्या मार्चमध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचीच नियमावली लोकांना सांगणे हा जेथे अपराधाच्या जवळपास जातो, तेथे त्या नियमावलीचे खरे स्वरूप उघड होते.

सोलापूरच्या विणकरांचा प्रश्न याच वर्षांतला. मागावर बसणाऱ्या माणसाला खडीवर पाठविले तर त्याचे हात कायमचे बिघडतात व दुष्काळ संपल्यावर तो आपल्या धंद्याला मुकतो. त्याला त्याच्याच धंद्यात काम द्यावे, सूत पुरवून कापड विकत घ्यावे, असा विचार टिळकांनी स्थानिक व्यापाऱ्यांच्या साहाय्याने पुढे मांडला. नियमावलीत कारागिरांसाठी वाव होता. पण सभेच्या हातून हे होणे सरकारला मानवले नाही. पुढे १८९८ साली लायल आयोगाने व १९०१ साली मॅक्डॉनेल आयोगाने नियमावल्यांत सुधारणा सुचविल्या. मूळ चौकट मात्र बदलली नाही.

शहरांतील दारिद्र्याकडे कायद्याने पाहिले ते वेगळ्याच दृष्टीने. १८७४ चा कायदा युरोपीय भटक्यांना आवरण्यासाठी होता. १९४५ साली मुंबई प्रांतात भिकाऱ्यांविषयी कायदा झाला व त्याच्या जागी १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा आला. त्यान्वये भीक मागताना सापडलेल्या माणसास विनावॉरंट पकडून वर्ष ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येत असे. पुढे दिल्लीत लागू केलेल्या या कायद्याच्या अनेक तरतुदी तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरविल्या. म्हणजे खेड्यातील गरिबास खडी व नगरातील गरिबास कोठडी, अशी विभागणी पडली. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने काम मिळण्याचा, तसेच बेकारी, वार्धक्य व आजारपणात सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा अधिकार निदेशक तत्त्वांत घातला होता. परंतु निदेशक तत्त्वांच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही.

१९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने एक विलक्षण कायदा केला. राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' या अर्थाचा इंग्रजी शब्दच काढून टाकण्यात आला व त्याच्या जागी 'टंचाई' आली. आता कोणी उपासमारीने मरत नाही, मग जुना शब्द कशाला, असे त्याचे समर्थन होते. नऊ वर्षांनी टंचाई अशी आली की जुन्या शब्दावाचून तिचे वर्णन कोणालाही करता आले नाही. १९७२-७३ मध्ये टंचाईच्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे जाऊ लागली. १९७३ च्या मे महिन्यात हा आकडा सर्वांत मोठा होता. त्या पिढीच्या तोंडी मिलोची भाकरी, सुकडी आणि खडीचे ढीग हेच शब्द आजही येतात. रस्त्याकडेला फोडून रचलेली आणि पुढे कोणी उचलली नाही अशी खडी पाहूनच पाझर तलाव, नालाबांध, जमिनीचे सपाटीकरण अशी उत्पादक कामे काढावी हा आग्रह बळावला. एवढ्या मोठ्या अवर्षणात मनुष्यहानी मात्र अत्यल्प झाली, आणि त्याचे श्रेय कामे उघडण्याच्या वेगाला व वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळावर लोकांनी व विरोधी पक्षांनी आणलेल्या दडपणालाही दिले पाहिजे.

रोजगार हमीची कल्पना मात्र अवर्षणातून जन्मलेली नाही. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, आपल्या विसापूर गावाकडे, तिचा लहानसा प्रयोग केला होता. पागे यांचे म्हणणे सरळ होते : टंचाई असो वा नसो, जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते मिळाले पाहिजे. १८८० च्या आयोगाने जी पायरी चढण्याची भीती बाळगली होती, नेमकी तीच पायरी पागे यांना चढावयाची होती. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यावरील आपल्या प्रबंधात ग्रामीण सार्वजनिक कामांचाच आग्रह धरल्याने या विचारास अर्थशास्त्राचे पाठबळ लाभले. १९७२ मध्ये योजना सुरू झाली, दुष्काळामुळे काही काळ मागे पडली, पुन्हा उभी राहिली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी अधिनियम एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला.

या अधिनियमाची यंत्रणा नीट समजून घेतली पाहिजे, कारण हक्काचे सारे रहस्य तीत आहे. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने प्रथम नाव नोंदवावयाचे आणि मग विहित नमुन्यात काम मागावयाचे. मागणीपासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देय होतो. तो प्रारंभी रोजचा किमान एक रुपया होता. नवे काम उघडण्यास साधारणतः पन्नास मजूर लागत. मजुरी केलेल्या कामाच्या मापावर, परंतु सर्वसाधारण माणसाला दिवसभराच्या श्रमात किमान वेतन पडेल अशा बेताने ठरवावयाची होती. कागदावर हे निर्दोष दिसते. व्यवहारात सगळी मदार एका तारखेवर होती. मागणीचा अर्ज घेतल्याची तारीखवार पोच मिळाली नाही तर पंधरा दिवस सुरूच होत नाहीत, आणि भत्त्याचा हक्क निर्माण होत नाही. म्हणूनच 'नमुना ४' भरून त्याची पोच मिळविणे हा शेतमजूर संघटनांच्या लढ्याचा मुख्य भाग झाला, आणि पोच न देणे हा कनिष्ठ अधिकाऱ्याचा सोपा उपाय झाला. बेकारी भत्ता फारच क्वचित दिला गेला. टिळकांच्या काळी जे कायदा नव्हते ते कायदा असल्यासारखे लोकांना सांगितले गेले. आता जो कायदा होता तो पुष्कळ कचेऱ्यांत कृपा असल्यासारखा वापरला गेला.

मजुरीचा जुना वाद या काळात न्यायालयात पोहोचला. राजस्थानने १९६४ च्या एका कायद्याने दुष्काळी कामांना किमान वेतनातून सूट दिली होती. संजित रॉय प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सरकार दुष्काळनिवारणासाठी काम देत असले तरी किमान वेतनाहून कमी मजुरी देता येणार नाही. गरजेमुळे कमी मजुरीवर राबणे ही संविधानाने निषिद्ध ठरविलेली वेठच होय. १८७७ च्या जानेवारीत काम सोडून गेलेल्या मजुरांचे म्हणणे अखेर मान्य झाले, ते एकशे सहा वर्षांनी. तथापि निकालाने प्रश्न मिटत नाहीत. १९८८ साली महाराष्ट्रात हमीच्या कामांवरील मजुरी रोज सहा रुपयांवरून बारा रुपयांवर गेली आणि त्यानंतर दिलेल्या रोजगाराचे एकूण दिवस घटत गेले. दर वाढला की कामे उघडण्यात हात आखडता घेतला जातो. हक्क नाकारण्याची ही पद्धत आदेश काढून हक्क रद्द करण्यापेक्षा अधिक शांत व अधिक परिणामकारक आहे, असे आमचे मत आहे. २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम केला. २००६ च्या फेब्रुवारीत तो दोनशे जिल्ह्यांत व २००८ च्या एप्रिलपासून सर्व ग्रामीण भारतात लागू झाला. त्यात कुटुंबास वर्षाला शंभर दिवसांची मर्यादा होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात अशी मर्यादा नव्हती, हे त्या कायद्याची थोरवी सांगताना ध्यानात ठेवावे.

आता वाघोलीकडे वळू. पुण्याहून नगरकडे जाताना पाऊस मैलागणिक कमी होतो आणि काळा पाषाण वर येतो. वाघोलीच्या परिसरात या पाषाणाच्या खाणी व खडी फोडणारी यंत्रे आली आणि वाढत्या पुण्याच्या इमारतींना व रस्त्यांना त्यांनी खडी पुरविली. खाणींवर राबणारे बरेचसे लोक वडार समाजाचे, तसेच मराठवाडा, विदर्भ व परप्रांतांतून आलेले होते. दुष्काळी नियमावलीने जे काम गरजेची कसोटी म्हणून शोधून काढले, ते या कुटुंबांचे वर्षभराचे उपजीविकेचे साधन झाले. आपल्या गावी यांना हमी कायद्याखाली काम मागण्याचा हक्क होता; परंतु गाव सोडले की नोंदणी मागे राहते, आणि खाणीवरच्या पालावर राहणारा माणूस कोणत्याच ग्रामपंचायतीचा धड रहिवासी ठरत नाही. त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी 'संतुलन' या संस्थेने १९९७ पासून खाणींवर पाषाणशाळा चालविल्या.

याच वाघोलीत आणखी एक घटना घडली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भागातील गावे भुईसपाट झाली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले पुण्यास आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र यातूनच उभे राहिले. पुढे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांतील मुलांनाही तेथे आसरा मिळाला. धनकवडीच्या बालाश्रमापासून वाघोलीच्या केंद्रापर्यंत सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरचे अंतर आहे. या कालावधीत सरकार परके होते ते स्वकीय झाले, सूचनासंग्रहाच्या जागी कायदा आला. तरी निराश्रित मुलाच्या पोषणाचा भार दोन्ही वेळी लोकांनीच पहिल्याने उचलला. हमी कायद्याने प्रौढाच्या हाताला काम देऊ केले. ज्याला हातच नाही, जो म्हातारा आहे, जे मूल आहे, त्याच्याविषयी तो कायदा काही बोलत नाही. जुन्या नियमावलीत निदान गावोगावच्या अपंगांची यादी करण्याचे कलम होते.

२०२१ साली पुणे महानगरपालिकेत तेवीस गावे समाविष्ट झाली, त्यांत वाघोलीही होती. या समावेशाची चर्चा पाणी, रस्ते, कचरा आणि मिळकतकर यांविषयी पुष्कळ झाली. रोजगार हमीचे कायदे ग्रामीण क्षेत्रासाठी केलेले. महाराष्ट्राच्या योजनेचा विस्तार 'क' वर्ग नगरपरिषदांपर्यंत झाला होता, महानगरपालिकांपर्यंत नव्हे. त्यामुळे वाघोलीच्या हद्दीतील ज्या मजुराला आदल्या दिवशीपर्यंत, निदान पुस्तकात, काम मागण्याचा व न मिळाल्यास भत्ता मागण्याचा अधिकार होता, त्याचा तो अधिकार गाव नगरात गेल्याबरोबर गळून पडला. त्याच्यापुढे पूर्वीचाच खडीचा ढीग होता, आणि नगरातील गरिबांसाठी आपल्या विधिसंग्रहात असलेला १९५९ चा कायदा.